एका सेंटिमीटरचा प्रश्न

गस्तीवरच्या पोलिसाच्या कमरेला मोठे पिस्तूल असावे की लहान? असे विचारणाऱ्याच्या मनात बहुधा उत्तर आधीच तयार असते. कुणाला वाटते, मोठे शस्त्र म्हणजे जास्त ताकद. रात्री-अपरात्री गुंडांशी गाठ पडणाऱ्याला लहान शस्त्र देऊन कसे भागेल? दुसरा म्हणतो, अख्खी पाळी ते ओझे वागवायचे असेल तर लहान आणि हलकेच बरे. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. पण पिस्तुलाचा लहान-मोठेपणा दोन वेगवेगळ्या ठिकाणी असतो, नळीत आणि मुठीत, हे दोघांच्याही ध्यानात आलेले नसते. या दोन्ही लांबींचे फायदे-तोटे निरनिराळे आहेत. त्यांचा एकत्र विचार केला की गोंधळ होतो, आणि वेगळा केला की प्रश्न बराचसा सुटतो. या प्रकरणात तेच करायचे आहे. उदाहरणासाठी शहर घेतले आहे चेन्नई.

१. चेन्नईच का?

२१ नोव्हेंबर २०२१ च्या पहाटे तमिळनाडूत तिरुचिरापल्लीजवळच्या नवलपट्टू पोलिस ठाण्याचे विशेष उपनिरीक्षक भूमिनाथन रात्रीच्या गस्तीवर होते. बकऱ्या चोरून दुचाकीवरून पळणाऱ्यांचा त्यांनी पाठलाग केला, पुदुकोट्टै जिल्ह्याच्या हद्दीत एकाला पकडलेही. तिथेच त्यांच्यावर कोयत्याने वार झाले आणि त्यांचा जीव गेला. त्यानंतर राज्याचे तेव्हाचे पोलिस महासंचालक शैलेंद्र बाबू यांनी स्पष्टपणे सांगितले की रात्रीच्या गस्तीवर जाणाऱ्यांनी शस्त्र सोबत ठेवावे आणि जिवावर बेतले तर स्वसंरक्षणासाठी ते वापरायला कचरू नये.

ही सूचना कागदावर दोन ओळींची आहे. अमलात आणायची म्हटली की तपशील पुढे येतात. शस्त्रागारात बंद राहणारे पिस्तूल आणि दररोज कमरेला बांधायचे पिस्तूल यांच्याकडून अपेक्षा वेगळ्या असतात. पहिले वर्षातून दोनदा बाहेर निघते, तेव्हा ते केवढे आहे याला फारसे महत्त्व नसते. दुसरे घेऊन माणूस जीपमध्ये बसतो, उतरतो, धावतो, जिने चढतो, चहाच्या टपरीपाशी उभा राहतो, पावसात भिजतो. मग आकार हा रोजचा विषय होतो.

चेन्नईची परिस्थिती या दृष्टीने फार बोलकी आहे. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, समुद्राच्या खाऱ्या दमट हवेने सदरा अंगाला चिकटतो. ऑक्टोबर ते डिसेंबर ईशान्य मोसमी पाऊस झोडपतो. डिसेंबर २०१५ च्या पुरात पोलिस छातीएवढ्या पाण्यातून लोकांना बाहेर काढत होते. शहर एवढे पसरले आहे की १ जानेवारी २०२२ पासून चेन्नईच्या जोडीला आवडी आणि तांबरम अशी दोन नवी आयुक्तालये करावी लागली. आणखी एक गोष्ट. या राज्यात १९७३ पासून पोलिस दलात महिला आहेत आणि आज गस्तीपासून कमांडो पथकापर्यंत त्या दिसतात. त्यामुळे एकच पिस्तूल अनेक मापांच्या हातांत जाणार आहे.

शिवाय पिस्तुलांचा व्यवहारही आता या शहराच्या दाराशी आला आहे. ऑस्ट्रियाच्या ग्लॉक कंपनीने २०२० मध्ये एका भारतीय कंपनीच्या भागीदारीत, चेन्नईला लागून असलेल्या तिरुवळ्ळूर जिल्ह्यात पिस्तुले तयार करण्याचे जाहीर केले. ग्राहक अर्थातच सैन्य, निमलष्करी दले आणि राज्यांचे पोलिस.

२. दोन पिस्तुले आणि एक फूटपट्टी

तुलना करायची तर जोडी एकाच घराण्यातली हवी, म्हणजे आकार सोडून बाकी सारे सारखे राहते. म्हणून ग्लॉक १७ आणि ग्लॉक १९ घेऊ. पहिले पूर्ण आकाराचे. १९८२ मध्ये ऑस्ट्रियाच्या सैन्याने ते स्वीकारले. दुसरे त्याचेच आटोपशीर रूप, शस्त्रांच्या बाजारात ज्याला कॉम्पॅक्ट म्हणतात. ते १९८८ मध्ये आले. दोन्ही ९ मिलिमीटर गोळीची आहेत आणि दोन्हींची चौकट कणखर प्लास्टिकची आहे.

आता मापे. पिढीप्रमाणे यांत एक-दोन मिलिमीटर इकडेतिकडे होतात. ग्लॉक १७ ची एकूण लांबी सुमारे २०४ मिलिमीटर, ग्लॉक १९ ची सुमारे १८७. नळी ११४ आणि १०२. मुठीसह उंची १३८ आणि १२८. मुठीत बसणाऱ्या मॅगझिनमध्ये गोळ्या १७ आणि १५. पूर्ण भरलेले वजन साधारण ९१० ग्रॅम आणि ८५५ ग्रॅम. जाडी मात्र दोन्हींची सारखीच.

म्हणजे नळीत सव्वा सेंटिमीटरहून थोडा कमी, मुठीत एक सेंटिमीटर आणि वजनात ५५ ग्रॅम एवढाच फरक. लोकांच्या कल्पनेतले मोठे आणि लहान पिस्तूल याहून कितीतरी दूरचे असते. खिशात मावणारी खरोखरची छोटी पिस्तुले वेगळ्या गटातली; गस्तीसाठी त्यांचा विचार इथे करण्याचे कारण नाही.

भारतीय पोलिसांच्या हातात पिढ्यान्‌पिढ्या जे पिस्तूल राहिले, ते पश्चिम बंगालमधील इच्छापूरच्या रायफल कारखान्याचे ९ मिलिमीटर ऑटो पिस्तूल. बेल्जियममध्ये १९३५ मध्ये आलेल्या ब्राउनिंग हाय-पॉवरच्या आराखड्यावर ते बेतलेले आहे. लांबी २०० मिलिमीटरच्या आसपास, सगळी बांधणी पोलादी, मॅगझिनमध्ये १३ गोळ्या. लांबीने ते ग्लॉक १७ च्या गटातच बसते. तेव्हा आपल्याकडे पूर्ण आकार ही जुनी सवय आहे. नवा आहे तो आटोपशीर आकाराचा विचार.

३. नळी आखूड झाली की काय बिघडते?

पहिली समजूत अशी की नळी आखूड झाली तर गोळी कमजोर होते. हे तत्त्वतः खरे आहे. दारू पेटली की तिचा वायू गोळीला नळीतून ढकलत नेतो. नळी जितकी लांब तितका वेळ हा रेटा मिळतो. पण किती फरक पडतो ते मोजून पाहू. ८ ग्रॅमची गोळी लांब नळीतून सेकंदाला ३५० मीटर वेगाने निघाली असे धरू. सव्वा सेंटिमीटरने आखूड नळीतून ती सेकंदाला साधारण १० मीटर हळू निघते, म्हणजे ३४०. गोळीची ऊर्जा काढायची तर वस्तुमान निम्मे करायचे आणि त्याला वेगाच्या वर्गाने गुणायचे. उत्तर येते ४९० ज्यूल आणि सुमारे ४६२ ज्यूल. फरक शेकड्याला सहाच्या आत. एवढा फरक काडतुसाचा उत्पादक बदलला तरी पडतो. गस्तीवर ज्या अंतरावर पिस्तूल वापरण्याची वेळ येते, तिथे या फरकाने काहीही ठरत नाही.

दुसरी समजूत नेमाबद्दल आहे, आणि ती जास्त गंभीरपणे घ्यायला हवी. पिस्तुलावर मागे एक खाच असते आणि पुढे एक खूण. डोळ्याने खूण खाचेच्या मधोमध आणायची आणि दोन्ही लक्ष्याच्या रेषेत धरायची. या दोहोंतले अंतर जितके जास्त, तितका नेम काटेकोर. शेताच्या बांधावर कुंपणाचे खांब ओळीत रोवताना हेच दिसते: पहिले दोन खांब एकमेकांपासून दूर असतील तर त्यांच्या रेषेत तिसरा बरोबर लागतो, जवळजवळ असतील तर बारीकशी चूक पुढे वाढत जाते.

ग्लॉक १७ वर हे अंतर सुमारे १६५ मिलिमीटर, ग्लॉक १९ वर सुमारे १५२. समजा घाईत पुढची खूण एक मिलिमीटर बाजूला सरकली. सात मीटरवर उभ्या लक्ष्यावर ही चूक किती होईल? लांब पिस्तुलात ७००० भागिले १६५, म्हणजे ४२ मिलिमीटर. आखूड पिस्तुलात ७००० भागिले १५२, म्हणजे ४६ मिलिमीटर. पंचवीस मीटरवर हेच आकडे साधारण १५२ आणि १६४ होतात. म्हणजे लांब पिस्तुलाने सात मीटरवर वाचवले ते चार मिलिमीटर. चाप झटक्याने ओढला तर हात त्याच्या कितीतरी पट हलतो.

स्पर्धेतल्या नेमबाजाला हे चार मिलिमीटर महत्त्वाचे वाटतील आणि ते योग्यच आहे. रात्री अपुऱ्या उजेडात, धावून आल्यावर, छाती धडधडत असताना पिस्तूल उचलणाऱ्याची अडचण वेगळी असते. रँड या अमेरिकी संशोधन संस्थेने न्यूयॉर्क पोलिसांच्या १९९८ ते २००६ या काळातील गोळीबाराच्या नोंदी तपासल्या. समोरूनही गोळ्या झाडल्या जात असताना पोलिसांच्या सरासरी १८ टक्केच गोळ्या लागल्या होत्या; समोरून गोळीबार नसताना ३० टक्के. हे प्रशिक्षित पोलिस होते. शंभरातल्या ऐंशीहून जास्त गोळ्या चुकत असतील, तर त्याचे कारण नळीच्या सव्वा सेंटिमीटरात सापडणार नाही. आणि त्या चुकलेल्या गोळ्या कुठेतरी लागतातच. चेन्नईत टी. नगरच्या रंगनाथन रस्त्यावरची गर्दी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना या वाक्याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

४. मूठ: सगळा खेळ इथे आहे

गोळी सुटली की पिस्तूल मागे आणि वर उसळते. या धक्क्याविषयी सर्वसाधारण मत असे की हलके पिस्तूल जास्त उसळते. वजनापुरता हिशेब करू. गोळी पुढे जाते तेवढाच आवेग पिस्तुलाला मागे मिळतो. ८ ग्रॅमची गोळी ३५० मीटर वेगाने, म्हणजे आवेग २.८, तो ९१० ग्रॅमच्या पिस्तुलाला मिळाला तर धक्क्याची ऊर्जा सुमारे ४.३ ज्यूल होते. आटोपशीर पिस्तूल ८५५ ग्रॅमचे, पण त्यातून गोळीही किंचित हळू जाते. हिशेब केला तर ऊर्जा पुन्हा सुमारे ४.३ ज्यूलच. दारूच्या वायूचा वाटा यात धरलेला नाही, पण तो दोन्हीकडे जवळपास सारखाच पडतो. कागदावर धक्का सारखा आहे.

तरीही ज्याने दोन्ही चालवली तो सांगेल की लहान पिस्तूल हातात जास्त उड्या मारते. तो खोटे बोलत नाही. फरक त्याच्या बोटांना जाणवतो. मोठ्या पंजाच्या माणसाची तीन बोटे ग्लॉक १७ च्या मुठीवर पूर्ण बसतात. ग्लॉक १९ वर करंगळी अर्धवट टेकते, कधी मॅगझिनच्या तळावर लोंबते. धक्का आवरण्यात तळहाताच्या खालच्या भागाचा आणि खालच्या दोन बोटांचा मोठा हात असतो, कारण पिस्तूल वर उसळते तेव्हा मुठीचा खालचा भाग पुढे झेपावतो आणि त्याला ही बोटे थोपवतात. एक सेंटिमीटर कमी झाला की नेमकी हीच पकड सैल पडते. मग दुसरी गोळी झाडण्याआधी खूण पुन्हा खाचेत आणायला जास्त वेळ लागतो. हा वेळ नळी लांब करून मिळत नाही, तो मुठीतूनच मिळतो.

आता एक गैरसमज, ज्याने खरेदीचे अनेक निर्णय चुकतात. लहान हातांच्या पोलिसांना, विशेषतः महिलांना, आटोपशीर पिस्तूल द्यावे म्हणजे ते त्यांच्या हातात बसेल, असे सहज म्हटले जाते. पण वरची मापे पुन्हा पाहा. आटोपशीर पिस्तुलाची मूठ उंचीला कमी झाली आहे. तिचा घेर तोच आहे आणि मुठीच्या पाठीपासून चापापर्यंतचे अंतरही तेच. लहान हाताची अडचण उंचीची नसते. तिथे तर लहान पंजा उलट सहज मावतो. अडचण असते ती तर्जनी चापावर पुरेशी पोहोचत नाही ही. मग माणूस पिस्तूल हातात वळवून धरतो, मनगट आणि नळी एका रेषेत राहत नाहीत आणि गोळ्या एका बाजूला जाऊ लागतात. त्याला वाटते आपला नेम वाईट आहे.

यावरचा उपाय म्हणजे मुठीची पाठ बदलता येणारे पिस्तूल. २०१० मधल्या चौथ्या पिढीपासून ग्लॉकला ही सोय आहे, इतर बऱ्याच कंपन्यांनीही ती दिली आहे. जाड किंवा पातळ पाठ लावून घेर आणि चापापर्यंतचे अंतर हाताप्रमाणे जुळवता येते. पन्नास वर्षांहून अधिक काळ महिला पोलिस असलेल्या दलाने पिस्तूल निवडताना ही पहिली अट ठेवली पाहिजे, असे मला अगदी मनापासून वाटते. बुटाचे माप विचारून बूट देणारे खाते पिस्तूल देताना हाताचे माप विचारत नसेल, तर त्या पोलिसावर अन्याय होतो आणि त्याच्या आजूबाजूला उभ्या असलेल्या नागरिकांवरही.

५. कमरेला बांधून आठ-दहा तास

मूठ मोठी हवी, मग पूर्ण आकाराचेच घ्यावे का? इथे नळीची बाजू परत येते, पण ती गाडीच्या आसनावरून.

पट्ट्याला बाहेरून लावलेले होल्स्टर, म्हणजे पिस्तुलाचे म्यान, माणूस उभा असताना मांडीच्या बाजूने लोंबते. माणूस जीपमध्ये बसला की होल्स्टरचे खालचे टोक आसनाला टेकते आणि पिस्तूल वर ढकलले जाते. मूठ बरगडीत रुतते, सीटबेल्टचा कुलपाचा भाग तिच्याशी भांडतो. दहा-पंधरा मिनिटांत काही वाटत नाही. पाळीत अनेक तास गेले की कंबर धरते, मग माणूस पट्टा सैल करतो, होल्स्टर मागे सरकवतो किंवा पिस्तूल काढून बाजूच्या कप्प्यात ठेवतो. शेवटची सवय सर्वांत धोकादायक. गाडीतून झटकन उतरताना ते तिथेच राहते. मोटारसायकलवरच्या गस्तीत आसनाची अडचण कमी, पण खड्ड्यांतून पट्टा सतत हिसके खातो.

चेन्नईच्या हवेचा त्रास आकाराशी तितका जोडलेला नाही, तरी रोज वागवण्याच्या गोष्टीत तो येतोच. घाम आणि खारा वारा पोलादाला गंजवतात. जुन्या पोलादी पिस्तुलाला रोज तेलाचा हात फिरवावा लागतो. प्लास्टिकची चौकट आणि तिच्यावर सरकणारी, विशेष प्रक्रिया केलेली पोलादी स्लाइड जास्त टिकाव धरते. मात्र महिनोन्‌महिने त्याच मॅगझिनमध्ये पडून राहिलेली, घामाने डागाळलेली काडतुसे कोणत्याही पिस्तुलात भरवशाची नसतात.

साध्या वेशातल्या पोलिसाचे गणित पूर्ण उलटे असते. गुन्हे शाखेचा माणूस सदऱ्याच्या आत पिस्तूल लपवतो. नळी कमरेखाली पँटच्या आत जाते, ती थोडी लांब असली तरी दिसत नाही. दिसते ती मूठ. वाकला की सदऱ्यातून तिचा कोपरा उठून येतो, आणि दमट हवेत पातळ सुती सदरा घालणाऱ्या चेन्नईकराला ती लपवणे अजूनच कठीण. त्याला आखूड मुठीचे पिस्तूल हवे. म्हणजे गणवेशातल्या पोलिसाला आखूड नळी सोयीची आणि पूर्ण मूठ गरजेची, तर साध्या वेशातल्याला आखूड मूठ गरजेची. दोघांनाही आपण सरसकट एकच लहान पिस्तूल हवे असे म्हणत होतो, तिथेच घोटाळा होत होता.

गणवेशातले पिस्तूल सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असते, त्यामुळे हिसकावले जाण्याची भीती त्यालाच जास्त. त्यासाठी कुलूपबंद होल्स्टर लागते: अंगठ्याने ठरावीक खटका दाबल्याशिवाय पिस्तूल वर येत नाही. आपल्याकडची मुठीला दोरी बांधण्याची पद्धत पिस्तूल खाली पडण्यापासून वाचवते, झटापटीत मात्र तीच दोरी दुसऱ्याच्या हाती लागू शकते. पिस्तुलांच्या खरेदीवर महिनोन्‌महिने चर्चा होते आणि होल्स्टर शेवटी मिळेल ते घेतले जाते. पोलिसाच्या कमरेला दिवसभर घासणारी वस्तू तीच आहे.

६. सतरा की पंधरा?

यावर फार वेळ घालवण्याचे कारण नाही. रिव्हॉल्व्हरच्या सहा गोळ्यांवरून तेरावर येणे ही मोठी झेप होती. पंधरा की सतरा हा गस्तीपुरता किरकोळ फरक आहे. कमरेला एक जादा मॅगझिन असणे त्याहून महत्त्वाचे. एकाच घराण्यातली दोन्ही पिस्तुले घेतली तर एक उपयोगाची सोय मिळते: मोठ्याचे मॅगझिन लहानात चालते, खाली थोडे बाहेर राहते एवढेच. लहानाचे मोठ्यात चालत नाही. संकटात सहकाऱ्याला मॅगझिन द्यायची वेळ आली तर हे माहीत असलेले बरे.

७. इतरांनी काय केले?

न्यूयॉर्क पोलिसांनी १९९३ मध्ये रिव्हॉल्व्हरकडून पिस्तुलाकडे वळण्याचा निर्णय घेतला, आणि मंजूर झालेल्या पिस्तुलांत आटोपशीर ग्लॉक १९ होते. गणवेशातल्या हजारो गस्ती पोलिसांनी ते वर्षानुवर्षे वागवले आहे. तेव्हा आटोपशीर पिस्तूल गस्तीला चालत नाही हे म्हणणे टिकत नाही. अमेरिकेच्या एफबीआयने २०१६ मध्ये नवी पिस्तुले निवडताना दोन्ही आकार ठेवले, एकाच घराण्यातले, म्हणजे प्रशिक्षण एकच आणि हाताप्रमाणे, कामाप्रमाणे आकार वेगळा. लंडनमध्ये बहुतेक पोलिस निःशस्त्रच असतात. तिथल्या सशस्त्र पथकांकडे पूर्ण आकाराचे ग्लॉक १७ दिसते.

अमेरिकी सैन्याने २०१७ मध्ये सिग सॉएरच्या एकाच पिस्तुलाची लांब आणि आखूड अशी दोन रूपे घेतली. नंतर त्यांच्या मरीन दलाने सर्वांसाठी आखूड नळीचेच निवडले. त्याच स्पर्धेसाठी ग्लॉकने १७ ची मूठ आणि १९ ची नळी असे मिश्र पिस्तूल बनवले होते. स्पर्धा त्यांनी गमावली, पण ते पिस्तूल २०१८ मध्ये बाजारात आले आणि पाठोपाठ त्याच मापांचे ग्लॉक ४५ आले, ज्याचे गिऱ्हाईक प्रामुख्याने पोलिसच होते. पूर्ण मूठ, आखूड नळी. आसनाला टेकणारे टोक कमी केले आणि करंगळीची जागा राखली. गस्तीच्या गरजेला याहून नेमके उत्तर मला दिसलेले नाही.

८. मग चेन्नईच्या गस्तीला कोणते?

गणवेशातल्या गस्तीसाठी माझे मत असे: पूर्ण मूठ, साधारण १०० मिलिमीटरची नळी, बदलता येणारी पाठ आणि कुलूपबंद होल्स्टर. साध्या वेशातल्यांना त्याच घराण्यातले आखूड मुठीचे. असे मिश्र पिस्तूल मिळत नसेल आणि सर्वांसाठी एकच आकार घ्यायचा असेल, तर गणवेशातल्यांची संख्या जास्त, म्हणून पूर्ण आकाराचे घ्यावे. आणि हे सारे सरावापुढे दुय्यम आहे.

असे म्हणण्यामागे एक दुःखद घटना आहे. नोव्हेंबर २०१७ मध्ये चेन्नईच्या कोळत्तूरमधल्या सराफी दुकानात छताला भोक पाडून चोरी झाली. संशयितांच्या मागावर चेन्नईचे पथक राजस्थानातल्या पाली जिल्ह्यात गेले. १३ डिसेंबरला छाप्यादरम्यान झालेल्या झटापटीत मदुरवॉयल ठाण्याचे निरीक्षक पेरियपांडियन गोळी लागून मृत्युमुखी पडले. सुरुवातीला सांगितले गेले की गोळी चोरांनी झाडली. राजस्थान पोलिसांनी तपासानंतर सांगितले की ती सहकाऱ्याच्या पिस्तुलातून चुकून सुटली होती. परक्या मुलुखात, अंगावर येणाऱ्या माणसांच्या गराड्यात हे घडले. त्या क्षणी हातातले पिस्तूल १८७ मिलिमीटरचे होते की २०४ चे, याने काही बदलले नसते. बोट चापाबाहेर ठेवण्याची सवय हाडात भिनलेली असेल तरच अशा गर्दीत ती टिकते, आणि भिनण्यासाठी शेकडो वेळा तेच करावे लागते.

महाराष्ट्रातल्या वाचकाला इथे २६ नोव्हेंबर २००८ ची रात्र आठवेल. गिरगाव चौपाटीच्या नाकाबंदीवर डी. बी. मार्ग ठाण्याचे पोलिस एके-४७ बाळगणाऱ्या दोघा दहशतवाद्यांसमोर उभे राहिले. पोलिसांच्या गोळ्यांनी अबू इस्माईल मारला गेला, आणि तुकाराम ओंबळे यांनी कसाबच्या रायफलची नळी हातांनी धरून अंगावर गोळ्या झेलल्या, म्हणून तो जिवंत सापडला. रायफलपुढे पिस्तूल अपुरेच असते. पिस्तूल हे गस्तीवरच्या माणसाला अनपेक्षित हल्ल्यातून स्वतःला आणि इतरांना वाचवण्यापुरते दिलेले साधन आहे. त्याचा आकार वाढवून ते रायफल होत नाही.

झाडलेल्या प्रत्येक गोळीचा जाबही द्यावा लागतो. मुंबईतल्या चकमकींवरून झालेल्या पीयूसीएल विरुद्ध महाराष्ट्र शासन या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०१४ रोजी चकमकीतल्या मृत्यूंच्या चौकशीचे नियम घालून दिले. त्यांनुसार संबंधित पोलिसाने आपले शस्त्र न्यायवैद्यक तपासणीसाठी जमा करायचे असते. चेन्नईत फेब्रुवारी २०१२ मध्ये वेळच्चेरीला बँक दरोड्यातले पाच संशयित पोलिसांच्या गोळ्यांनी मारले गेले, तेव्हाही त्या चकमकीबद्दल प्रश्न उठले होते. ज्या पिस्तुलाची नोंद, देखभाल आणि सराव व्यवस्थित आहे, त्याच पिस्तुलाचा जाब नीट देता येतो.

आता निवड प्रत्यक्ष कशी करावी हे सांगतो. दलातून वेगवेगळ्या हातांच्या तीसेक जणांना निवडावे. त्यांत महिला निम्म्या असाव्यात, जीपवाले, मोटारसायकलवाले आणि साध्या वेशातले असावेत. प्रत्येकाने दोन्ही आकार, योग्य होल्स्टरसह, महिनाभर पाळीत वागवावेत. त्यातला निदान काही भाग मे महिन्यात यावा. मग गोळीबाराच्या मैदानावर दोन्ही तपासावे, पण उभे राहून शांतपणे झाडलेल्या गोळ्यांवर नव्हे. शंभर मीटर धावून आल्यावर, अपुऱ्या उजेडात, सात मीटरवर दोन गोळ्या: होल्स्टरमधून पिस्तूल निघायला लागलेला वेळ, दोन गोळ्यांमधला वेळ आणि चुकलेल्या गोळ्या, या तीन गोष्टी मोजाव्यात. गाडीत बसलेल्या अवस्थेतूनही हेच करून पाहावे. आकड्यांत फरक दिसला नाही तर जे अंगावर सुखाने वागवले जाते ते घ्यावे. आणि निविदेत पिस्तुलाच्या किमतीशेजारी पहिल्या तीन वर्षांच्या सरावाच्या काडतुसांचा, होल्स्टरचा आणि जादा मॅगझिनचा खर्च लिहावा. तो बसत नसेल तर पिस्तुलांची संख्या कमी करावी, काडतुसांची नाही.